राखण

पोस्टातली नोकरी संपवून मी गावी परत आलो, तेव्हा पाखरांतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ज्वारीच्या मुलखात जन्मलेल्या माणसानं हे सांगावं, याची आता लाज वाटते. मंगळवेढ्याची काळी जमीन आणि तिच्यातली मालदांडी ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. माझं लहानपण सगळं पिकात गेलं. पण त्या वयात पाखरांचं एकच माहीत होतं, ती हाकलायची असतात.

कणसात दाणा भरू लागला की राखण सुरू व्हायची. चार मेढी रोवून, वर फाट्या टाकून माळा बांधलेला असायचा. दिवस उगवायच्या आत माळ्यावर चढायचं आणि दिवेलागणीपर्यंत गोफण फिरवायची. चिमण्या, होले, पोपट हे रोजचेच. खरी धास्ती भोरड्यांची. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या हजारांनी यायच्या. आभाळात धुराचा लोट वळावा तसा त्यांचा थवा वळायचा आणि एकदा का रानात उतरला, की कणसं मोकळी करूनच उठायचा. आई, वडील आणि मी, तिघं तीन बांधांवर. आईच्या गोफणीचा आवाज सगळ्यांत मोठा. असा फुटायचा, की शेजारच्या रानातली पाखरंसुद्धा उठायची. रात्री ती तव्यावर भाकरी टाकायला बसली की उजव्या हाताच्या बोटांवरचे फोड चुलीच्या उजेडात दिसायचे.

पुढं मी शिकलो, नोकरीला लागलो, गाव सुटलं. २०२४ साली निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात सोबत्यांनी मला दुर्बीण दिली आणि वर पाखरांच्या चित्रांचं एक पुस्तक. का दिली कुणास ठाऊक. कधीतरी डबा खाताना मी म्हणालो असेन, ‘आता गावाला जाऊन पाखरं बघत बसतो.’ माणूस बोलून जातो आणि लोक लक्षात ठेवतात.

वडील जाऊन बारा वर्षं झाली. घरात आता आई एकटीच. वय ऐंशीच्या घरात. मोतीबिंदू काढला होता, पण काचबिंदूनं एक डोळा पार नेला, दुसऱ्यानं पुढ्यातलं तेवढं धुरकट दिसतं. दिवसभर ती परसदारी भिंतीला पाठ लावून बसते. कधी लसूण सोलते, कधी हातानं चाचपून ज्वारी निवडते.

पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. परसात एक जुना लिंब आहे. चैत्रात तो मोहरानं पांढरा होतो आणि सगळा परस त्या कडसर वासानं भरून जातो. कुंभाराकडून मातीचा पसरट परळ आणला, पाणी भरून अंगणाच्या मधोमध ठेवला. शेजारी करवंटीत ज्वारीचे दाणे. लिंबाच्या फांदीला चार कणसं टांगली. मग पायरीवर दुर्बीण घेऊन बसलो.

आईनं विचारलं, “काय चाललंय रं तुजं?”

“पाखरांना दाणापाणी ठेवलंय.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आरं, सारा जलम ज्यांस्नी हाकलण्यात गेला, त्यांस्नीच आता सांगावा धाडतोयस व्हय?”

आणि पाखरं तरी कुठं येत होती! चार दिवस गेले, आठ दिवस गेले. पाणी तापून आटायचं, मी पुन्हा भरायचो. करवंटीतले दाणे मुंग्या ओढून न्यायच्या. लिंबावर किलबिल चाललेली असायची, पण खाली कुणी उतरायचं नाही. मला वाटलं, माझं नशीबच खोटं.

नवव्या दिवशी आईच म्हणाली, “पाखरू उघड्यावर बसत न्हाई. मागं झुडूप लागतं त्येला. डाळिंबीखाली ने ते. आन् खाली नगं ठिवू, मांजर टपून बसतंय. आन् तू बी वाईच लांब बस की. यवढा मोठा गडी डोळ्याला नळकांडं लावून समोर बसल्यावर कोन यील?”

परळ डाळिंबीजवळच्या पडक्या भिंतीवर नेला. मी पायरी सोडून घरात, खिडकीच्या आत बसलो. तासाभरात पहिलं गिऱ्हाईक आलं ते कावळ्याचं. कुठून तरी भाकरीचा वाळका तुकडा आणला, परळात बुडवला, मऊ होईपर्यंत थांबला आणि खाऊन गेला. मी हरखून आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग? तुज्या बापाला बी दात पडल्यावर कुस्करूनच लागायची.”

दुपारी चिमण्या आल्या. मागोमाग होल्यांची जोडी. इथून माझी शाळा सुरू झाली.

पुस्तक मांडीवर उघडं ठेवून मी पाखरू बघायचो आणि चित्र शोधायचो. चित्र सापडेपर्यंत पाखरू उडालेलं असायचं. एके दिवशी लिंबावर एक नवंच पाखरू दिसलं. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, शेपटीला पट्टे. मला वाटलं ससाण्याच्या जातीचं काहीतरी. पानं उलटून उलटून दमलो. आईला वर्णन सांगितलं, तर ती हसायला लागली.

“कोकिळा हाय ती. काळा असतो त्यो नर. वरडतो बी त्योच. ही नुसती किक् किक् करती आन् कावळ्याचं घरटं कुठं हाय ते हुडकत फिरती.”

साठ वर्षं मी समजत होतो की गाते ती कोकिळा. पुस्तक पाहिलं. आई बरोबर होती.

मग ‘टुक् टुक् टुक्’ असा आवाज. ऐन दुपारी, रस्त्यावर कुत्रं फिरत नाही अशा वेळी, कुणी तांब्याचं भांडं ठोकतंय तसा एका लयीत चाललेला. तीन दिवस मी शोधत होतो. एकदा उजवीकडून वाटायचा, एकदा डावीकडून. आई म्हणाली, “तांबट त्यो. मान इकडं तिकडं फिरवून वरडतो, म्हणून फसायला हुतं. सकाळच्या पारी उंबराच्या शेंड्याला बघ. उन्हाला बसतो.” दुसऱ्या दिवशी उंबराच्या अगदी टोकावर तो बसलेला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंग हिरवं, गळा पिवळा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा. एवढंसं पाखरू आणि एवढा आवाज! मी त्याची दाण्यापाशी वाट बघत होतो, पण तो दाण्याला शिवत नाही. त्याला फळं लागतात. शेवग्याच्या वाळक्या फांदीला गोल भोक पडलेलं मी रोज बघायचो. ते त्याचंच दार निघालं.

असं एकेक समजत गेलं. शेवग्याच्या फुलांवर काळाभोर चमकणारा शिंजीर आणि त्याच्यासोबतची फिकट पिवळी ती त्याची मादी. तारेवर बसून झेप घेणारा आणि पकडलेली माशी तारेवर आपटून खाणारा हिरवा वेडा राघू. कलकलाट करत टोळीनं येणारे सातभाई. ते एकाएकी फारच ओरडू लागले की आई म्हणायची, “बघ, मांजर आलं आसंल, न्हाईतर जनावर निगालं आसंल.” एकदा खरंच डाळिंबीच्या बुडाशी धामण निघाली.

सगळ्यांत नवल मला पाण्याचं वाटलं. आईनं एकदा विचारलं, “होला पाणी कसं पितो, बघितलंस का?” मी म्हटलं, चोचीनं. ती म्हणाली, “नीट बघ.” मग पाहिलं. चिमणी चोच बुडवते, मान वर करते, घोट गिळते, पुन्हा बुडवते. होला एकदा चोच बुडवली की मान वर न करता ओढतच राहतो. आई म्हणाली, “होला गुरावाणी पितो. चिमणी घोटाघोटाला देवाकडं बघती.”

मी विचारलं, “आई, तुला हे सगळं कसं गं ठाऊक?”

“तीस सुगी माळ्यावर काढल्यात. गोफण काय दिवसभर फिरती व्हय? बाकीच्या वेळी काय करायचं मग? बघत बसायचं.”

मी तिच्याशेजारच्या बांधावर होतो की. मी नव्हतं बघितलं. मी दिवस कधी मावळतो याची वाट बघायचो.

तिच्या लेखी पाखरांचे दोन भाग होते. दाण्याला येणारी आणि किड्याला येणारी. ज्वारीतली हाकलायची, पण हरभऱ्यात मात्र पाखरू बसावं म्हणून मधून मधून ज्वारीचे दाणे टाकायचे. ती ताटं उंच वाढली की त्यांच्यावर कोतवाल, साळुंक्या येऊन बसतात आणि घाट्यातली आळी टिपतात. आता शेतीखातंही पक्षीथांबे लावा म्हणून सांगतं. आईला ते तिच्या सासूनं सांगितलं होतं. एवढंच नाही, भोरड्यांचंसुद्धा ती चांगलं बोलली. “ज्वारी खायाची, खरं. पर टोळ बी खायाची. आन् चैतात बघ, एक बी ऱ्हात न्हाई हितं. आपल्या मुलखाला जाती.” तो मुलूख मध्य आशियात आहे, हे मला पुस्तकानं सांगितलं. एवढ्या लांबून आलेल्या पाखराला मी नुसते दगड मारले होते.

आमच्याच सोलापूरचे मारुती चितमपल्ली. वनखात्यात नोकरी केली आणि जंगलातल्या माणसांकडून पाखरांची नावं गोळा केली. त्यांचा पक्षिकोश मी मागवून घेतला. नाव ज्याच्या तोंडी आहे, त्याच्यापाशी जाऊन बसावं लागतं, हे तो चाळताना उमगलं. माझ्या बाबतीत ते अंतर खिडकीपासून भिंतीपर्यंत दहा पावलांचं होतं, आणि ते चालायला मला साठ वर्षं लागली.

मधेच एक भानगड झाली. चैत्र म्हणजे वाळवणाचे दिवस. आमच्या परसाला लागून चुलतभावाचं घर. वैनींनी माळवदावर कुरडया घातल्या होत्या. माझ्याकडं दाणे खाऊन झालेल्या चिमण्या आणि कावळे तिकडं चक्कर मारू लागले. वैनी तणतणत आल्या.

“भावजी, तुमची पाखरं आवरा. चार पायली गव्हाचा चीक केला हुता मी.”

मी काय बोलणार? पाखरांना आवरायचं कसं, हे पुस्तकात नव्हतं. आईनंच मिटवलं. “यशोदे, काळी छत्री उघडून ठिव मधी. आन् भावजी परळ मावळतीच्या अंगाला नेतील. तिकडं माळवद न्हाई.” वैनी जाताना म्हणाल्या, “आत्या, पोराचं खूळ तुमी बी धरलं का काय?” आई म्हणाली, “न्हाई बाई. मी नुसती बसलीया.”

वैशाख लागला. ऊन असं, की परळातलं पाणी दिवसातून तीनदा भरावं लागायचं. कणसं संपली. सोलापूरला गेलो होतो, तिथून पाखरांच्या खाद्याचं एक पाकीट घेऊन आलो. बाजरी, राळं, करडई असं मिसळलेलं. आईच्या हातावर थोडं ओतलं. तिनं बोटांनी चाचपलं.

“राळं हाय ह्ये.”

“हो.”

“इकत आनलं?”

“हो, पाखरांसाठी म्हणून मिळतं.”

तिनं दाणे परत पाकिटात टाकले. एक दाणा हाताला चिकटला होता, तोही झटकून टाकला. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, पैसे उधळले म्हणून रागावली.

रात्री बाजा परसात टाकल्या होत्या. वारं पडलेलं. मला वाटलं ती झोपली. आणि अंधारातून म्हणाली, “तुला बहात्तरचा दुष्काळ आठवतो का रं?”

आठ वर्षांचा होतो मी, आठवतो की. त्या साली पाऊस आलाच नाही. रब्बीची ज्वारी पेरलीच नाही, कोठारच म्हणावं असा हा मुलूख, पण कणग्या रिकाम्या. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी कडेला बसून राहायचो. सुकडी मिळायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची, तिची भाकरी थापता थापता फुटायची. हे सगळं मला आठवत होतं. आईनं सांगितलं ते आठवत नव्हतं.

“देवाच्या तसबिरीमागं चिमणीचं घरटं असायचं आपल्या. दरसाली. त्या उन्हाळ्यात बी केलं हुतं तिनं. पिलं झाली हुती. मी मिलो पाखडाय बसली की ती सुपाच्या काठावर येऊन बसायची. अगदी सुपाच्या काठावर. रानात पाखरू येगळं रं. तिथं हजार असत्यात. ही एकली हुती, घरातली. मी रोज ‘हाड’ करायची. दोन दिस आली, चार दिस आली. मग यायची बंद झाली. घरटं गप झालं.”

मी काही बोललो नाही.

“एक दाना टाकला असता तर आपुन काय मेलो नसतो. पर न्हाई टाकला. दामाजीपंतानं बादशाचं कोठार उघडलं, त्येच मंगळवेढं ह्ये. आन् माजी मूठ उघडली न्हाई.”

दामाजीपंतांची गोष्ट आमच्याकडं लहान पोराला झोपवतानाही सांगतात. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटलं, आणि विठोबा महाराच्या रूपानं जाऊन त्याची भरपाई करून आला. ही गोष्ट मला आईनंच सांगितलेली. सांगताना तिच्या मनात काय चालत असेल, हे मला कसं कळावं?

मी म्हटलं, “आई, तू आम्हाला जगवलंस.”

“ते वायलं,” ती म्हणाली. “ह्ये वायलं.”

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. कुठंतरी पिंगळ्यांची जोडी किचकिचत होती. ती कोण, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळी उठलो तर आई भिंतीला धरून कोठीच्या खोलीकडं निघाली होती. मी हात द्यायला गेलो, तर नको म्हणाली. कणगीत हात घालून तिनं मूठभर ज्वारी काढली. घरची, औंदाची, मालदांडी. “इकतचं नगं. घरचं टाकू,” म्हणाली. परसात आली. भिंत चाचपली, परळ चाचपला, त्याच्या शेजारी मूठ उघडली. काही दाणे खाली सांडले. जाऊन जागेवर बसली.

मी वांग्याच्या वाफ्यावर औषध मारायच्या तयारीत होतो. पंप पाठीला लावलेला बघून, म्हणजे ऐकून, ती म्हणाली, “नगं मारू. पिलांस्नी दाना चालत न्हाई. आळी लागती. दाना मोठ्यांला.” मी पंप उतरवून ठेवला. वांगी त्या साली निम्मी किडकी निघाली. आम्ही किडकं कापून टाकून खाल्ली.

थोड्या वेळानं भिंतीवर चिव् झालं.

“आली का?”

“आली.”

“छातीवर काळं हाय?”

“नाही.”

“मग मादी हाय. गप बस.”

मी गप बसलो. दुर्बीण गळ्यातच होती, ती लावली नाही. दोन दाणे टिपून चिमणी वाफ्यात उतरली, पानाखालून काहीतरी ओढून काढलं आणि चोचीत धरून वैनींच्या वळचणीकडं उडाली. मी हलक्या आवाजात आईला सांगितलं. तिनं मान हलवली. एवढंच.

आता रोज सकाळी हा कार्यक्रम असतो. मी दिसतं ते सांगतो, ती काय आहे ते सांगते. माझ्या वहीत आजवर सत्तावीस नावं झाली. त्यांतली अर्ध्याहून जास्त आईच्या तोंडची आहेत, आणि पाच-सहा अशी, की ती पुस्तकात कुठल्या चित्रासमोर लिहायची हे अजून जुळत नाही. ज्यांना परसात पाखरं बोलवायची असतील त्यांना माझ्यासारख्या नवख्यानं एवढंच सांगावं. उन्हाळ्यात दाण्याआधी पाणी ठेवा. भांडं उथळ असू द्या, मागं झुडूप असू द्या, पाणी रोज बदला. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर खुर्ची त्याच्याशेजारी टाका.

मांजराचा तेवढा बंदोबस्त व्हायचाय. ते अजून डाळिंबीखाली येऊन बसतं. परवा आईनं माळ्यावरच्या पेटीतून जुनी गोफण काढायला लावली. वाखाची, हातानं वळलेली, अजून शाबूत. गुंडा न घालता नुसती फिरवून तिनं एकदा फटकारली. आवाज पूर्वीसारखा झाला नाही, पण मांजर पळालं. चिमण्याही सगळ्या उडाल्या.

“येतील,” आई म्हणाली. आणि गोफण मांडीवर ठेवून आम्ही दोघं राखणीला बसलो.